स्वभावाला औषध नाही, बैठकीला आहे

काही वर्षांपूर्वी नऊ जणांच्या एका गटाचं काम माझ्याकडे होतं. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. एक जण कमालीचा काटेकोर. स्वल्पविराम चुकला तरी पान परत पाठवणार. दुसरी झपाट्याने काम उरकणारी, 'आज जेवढं झालंय तेवढं आज देऊन टाकू, बाकीचं मागाहून बघू' म्हणणारी. आठवड्यातून दोनदा तरी त्यांचे खटके उडायचे आणि उरलेले सात जण मान खाली घालून आपापल्या स्क्रीनकडे बघत बसायचे. वर्षअखेरच्या अहवालात मी दोघांच्याही नावापुढे एक ओळ लिहिली: 'स्वभाव जुळत नाहीत.' त्या ओळीच्या आधारावर दोघांना दोन वेगळ्या विभागांत हलवण्यात आलं.

त्यांच्या जागी दोन नवी माणसं आली. दोघंही शांत, समजूतदार, याआधी एकमेकांना ओळखतही नव्हती. चौथ्या महिन्यात त्यांची भांडणं सुरू झाली. शब्दसुद्धा तेच. 'तुम्ही प्रत्येक गोष्ट अडवून धरता.' 'तुम्हाला कशाचीच फिकीर नाही.'

जे आधी करायला हवं होतं ते मी तेव्हा केलं. या दोन जागांवरच्या माणसांना जाब कशाचा विचारला जातो, ते शोधलं. एकाला फक्त चुकांबद्दल विचारलं जात होतं आणि दुसऱ्याला फक्त उशिराबद्दल. काम पुरतं झालं की नाही हे शेवटी कुणी ठरवायचं, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं, कुणी कधी सांगितलंही नव्हतं. त्या दोन खुर्च्यांवर जगातली सगळ्यात गोड स्वभावाची माणसं आणून बसवली असती तरी भांडण झालंच असतं. ते माणसं येण्याआधीपासून खुर्च्यांमध्येच होतं.

ती एक ओळ मला अजून टोचते. ती लिहिताना आपण रोगाचं निदान केलंय असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात मी चौकशी बंद केली होती, आणि दोन चांगल्या माणसांच्या कागदपत्रांवर 'जुळवून घेता न येणारे' असा शिक्का मारून ठेवला होता.

'व्यक्ती तितक्या प्रकृती' असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण त्याला लागूनच 'स्वभावाला औषध नाही' असंही म्हणतो, आणि तिथे हात टेकतो. समित्या, कार्यालयं, स्वयंसेवी गट, विद्यार्थ्यांची मंडळं, माणसं एकत्र येऊन काम करतात तिथे सगळीकडे हे चालतं. भांडण झालं की स्वभावाकडे बोट दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. माझं म्हणणं असं आहे की स्वभावांतले फरक खरे असले तरी त्या फरकांमधून भांडण निघणार की काही उपयोग होणार, हे बहुतेक वेळा गटाची घडी कशी बसवली आहे यावर ठरतं. ती घडी बसवण्याचा अधिकार ज्यांच्या हातात असतो, त्यांना 'स्वभाव' या शब्दाइतकी सोयीची पळवाट दुसरी नाही.

ही पळवाट इतकी सहज का सापडते, याचं उत्तर मानसशास्त्राने बऱ्याच आधी शोधलं आहे. १९६७ मध्ये एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना क्यूबाचे साम्यवादी नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. लिहिणाऱ्याला बाजू निवडायची मोकळीक नव्हती, ती त्याला नेमून दिली होती, असं स्पष्ट सांगूनही वाचणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणारा मनातून थोडाफार कॅस्ट्रोवादीच असणार. परिस्थितीची सक्ती समोर मांडून ठेवलेली असतानाही नजर माणसाच्या आत शिरली. दहा वर्षांनी ली रॉस यांनी या खोडीला 'मूलभूत' चूक म्हटलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो. स्वतःच्या वागण्याचं कारण मात्र आपल्याला परिस्थितीत दिसतं. मी उशिरा आले तर रस्ता बंद होता, तो उशिरा आला तर तो बेजबाबदार आहे.

गटात ही चूक दुप्पट महाग पडते, कारण तिथे नुसतं मत बनून थांबत नाही. त्या मतावरून कामं वाटली जातात, बढत्या ठरतात, कुणाला बोलवायचं आणि कुणाला टाळायचं ते ठरतं.

आता कुणी म्हणेल, म्हणूनच तर स्वभावांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करावा, प्रत्येकाची चाचणी घ्यावी आणि जुळणारी माणसं एकत्र बसवावीत. हा विचार मोहक आहे आणि त्याभोवती मोठा धंदा उभा आहे. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी माणसांची विभागणी मांडली. तिच्या आधारावर कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी सोळा खान्यांची चाचणी तयार केली. दोघींपैकी कुणाचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. तो काही गुन्हा नाही, आणि माणसांनी आपल्याला साजेसं काम शोधावं ही त्यांची तळमळ खरी होती. अडचण खान्यांचीच आहे. हीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा खाना बदलतो. नोकरीसाठी माणूस निवडताना ही चाचणी वापरू नये, असं ती चालवणारी संस्थासुद्धा सांगते. तरी लोक आपल्या खान्याचं नाव असलेली चार अक्षरं कुंडलीतल्या राशीसारखी मिरवतात.

राशीची उपमा मी उगाच देत नाही. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती त्याचं स्वतंत्र वर्णन दिलं. ते किती अचूक आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ निघाली. मग त्यांनी उघड केलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली बहुतेक वाक्यं भविष्याच्या एका पुस्तकातून उचलली होती. 'तुम्ही कधी मनमोकळे असता, तर कधी स्वतःत रमता' असल्या वाक्यांत कोण स्वतःला शोधत नाही?

मानसशास्त्रात आज जो आराखडा त्यातल्या त्यात भक्कम मानला जातो, त्यात खाने नाहीत, पाच पट्ट्या आहेत: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि चटकन अस्वस्थ होण्याची वृत्ती. प्रत्येक जण प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो, आणि बहुतेक जण मधल्या भागात असतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की या फरकांतला साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक असतो. म्हणजे स्वभाव ही कल्पना पोकळ नाही. मुळात भिडस्त असलेल्या माणसाला 'जरा बोलत जा' सांगून तो बोलका होणार नाही, हे मी पूर्ण मान्य करते. गटांच्या बाबतीतही पुरावा आहे. सुझॅन बेल यांनी २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कामाच्या ठिकाणच्या खऱ्या गटांमध्ये सर्वांत कमी मनमिळाऊ सदस्य किती कमी मनमिळाऊ आहे, याचा गटाच्या कामगिरीशी संबंध दिसला. एक तुसडा माणूस गटाला खाली ओढू शकतो. हे ज्यांनी भोगलंय त्यांना आकड्यांची गरज नाही.

पण यातून 'जुळणारी माणसं गोळा करा' हा सल्ला निघतो का? मला तसं वाटत नाही, आणि त्यासाठी मला विमानांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम या डच कंपनीच्या बोइंग ७४७ विमानाने उड्डाणाची परवानगी मिळाली नसताना धावपट्टीवरून धावायला सुरुवात केली, आणि त्याच धावपट्टीवर समोर अमेरिकी कंपनी पॅन अ‍ॅमचं दुसरं ७४७ होतं. केएलएमच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरचं बोलणं ऐकून शंका आली. ते पॅन अ‍ॅमचं विमान अजून बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलं. कॅप्टनने ठासून सांगितलं की झालंय. कॅप्टन म्हणजे कंपनीतला वरिष्ठ प्रशिक्षक, कंपनीच्या जाहिरातीत झळकलेला चेहरा. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. काही सेकंदांत ५८३ माणसं गेली.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड या कंपनीचं एक विमान चाकांच्या बिघाडाचा उलगडा करत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून कोसळलं. दहा जण मृत्युमुखी पडले. इंधन कमी होतंय हे सहवैमानिकाला आणि इंजिनिअरला दिसत होतं. ते त्याबद्दल बोललेही होते, पण कॅप्टनचं लक्ष वेधलं जाईल इतक्या जोरात नाही.

'कॅप्टन हेकेखोर, बाकीचे भिडस्त' असं म्हणून हे प्रकरण मिटवता आलं असतं. सुरुवातीला झालंही तसंच. १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेनंतर विमान कंपन्यांनी प्रशिक्षण सुरू केलं, १९८१ मध्ये युनायटेडने पहिला मोठा कार्यक्रम आखला. त्या पहिल्या वर्गांचा भर वैमानिकांच्या स्वभावावर होता. तुमची नेतृत्वशैली कोणती, तुम्ही फार हुकूम सोडता का, की फार पडखाऊ आहात, असल्या प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि शैली सुधारायला सांगायचं. अनेक वैमानिक चिडले. हे गोड वागण्याचे वर्ग आहेत, आमचा स्वभाव बदलायला निघालेत, असं ते म्हणू लागले. मला त्यांची चीड समजते. पंचवीस वर्षं विमान चालवणाऱ्या माणसाला 'तू माणूस म्हणून चुकीचा आहेस' हे कोण ऐकून घेईल?

पुढच्या पिढ्यांच्या प्रशिक्षणात भर हळूहळू सरकला. प्रत्यक्ष उड्डाणात कुणी काय करायचं याकडे लक्ष गेलं. निघण्याआधी सगळ्यांनी मिळून योजना बोलून घ्यायची. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने मोठ्याने तपासायची. ठरलेल्या टप्प्यांवर ठरलेले शब्द उच्चारायचे, आणि आक्षेप घ्यायची वेळ आली तर तो कुठल्या क्रमाने आणि किती स्पष्ट घ्यायचा हेही शिकवायचं. याने भिडस्त सहवैमानिक धीट झाला नाही. त्याला धीट होण्याची गरज उरली नाही, कारण शंका बोलून दाखवणं हा आता उद्धटपणा राहिला नव्हता, त्याचं नेमून दिलेलं काम झालं होतं. हेकेखोर कॅप्टनही नम्र झाला नाही. पण आता त्याला ऐकावं लागत होतं, आणि ऐकण्यात त्याचा मान जात नव्हता. दोन विरुद्ध स्वभावांची माणसं होती तशीच राहिली. त्यांच्यामधली वाट तेवढी नव्याने बांधली गेली.

शस्त्रक्रियागृहातही असंच काहीसं झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी आणली. त्यातला एक मुद्दा वरवर पाहता अगदीच किरकोळ आहे: चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम सांगायचं. एकदा तोंड उघडलेला माणूस दुसऱ्यांदा जरा सहज उघडतो, हा त्यामागचा विचार. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हे सगळं श्रेय नावं सांगण्याचं अर्थातच नाही, यादीत इतर अठरा गोष्टी होत्या. पण मोठ्या सर्जनसमोर मूग गिळून बसणाऱ्या परिचारिकेला 'आत्मविश्वास वाढवा' असा उपदेश करण्यापेक्षा तिचं नाव तिच्याच तोंडून एकदा ऐकून घेणं मला किती तरी जास्त माणुसकीचं वाटतं.

आपल्या रोजच्या बैठका मात्र अजून जुन्याच पद्धतीने चालतात. एक टेबल, आठ-दहा माणसं, आणि 'बोला, कुणाला काय वाटतं?' हा प्रश्न. हा प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारलाय असं वाटतं, आणि इथेच अन्याय सुरू होतो. ज्याला बोलता बोलता विचार सुचतात त्याच्यासाठी ही जागा घरच्यासारखी असते. ज्याला आधी विचार करून मग बोलायचं असतं, त्याचं वाक्य मनात तयार होईपर्यंत विषय दोन वळणं पुढे गेलेला असतो. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. आपण ती न बोलणाऱ्याला टोचण्यासाठी वापरतो. खरं तर तिने बाजार भरवणाऱ्याला टोचायला हवं. सोनं ओळखता न येणारा तो कसला बाजार?

हा भावनेचा प्रश्न आहे तेवढाच नुकसानीचाही आहे. सगळ्यांनी एकत्र बसून मनात येईल ते बोलत सुटायचं, म्हणजे कल्पनांचा पाऊस पडेल, ही पद्धत अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात व्यावसायिकाने १९५० च्या दशकात लोकप्रिय केली. १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासली. चौघांचा एक गट आणि एकेकटे बसून विचार करणारे चौघे यांची तुलना केली, तर एकेकट्यांच्या कल्पना एकत्र मोजल्यावर त्या जवळपास दुप्पट भरल्या. मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये याचं मुख्य कारण दाखवलं, आणि ते अगदी साधं आहे: एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात, आणि थांबता थांबता विसरतात किंवा सोडून देतात. म्हणजे ही पद्धत बोलक्यांनाही पुरती वापरत नाही. मितभाषी माणसाला तर ती जवळजवळ वगळतेच.

याहून गंभीर गोष्ट गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवली. गटातल्या प्रत्येकाला काही माहिती समान आणि काही फक्त त्याच्याजवळची अशी दिली, तर चर्चा सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर घोटाळत राहते. फक्त एकाकडे असलेली माहिती बाहेर येत नाही, आणि कधीकधी अचूक निर्णय नेमका तिच्यावरच अवलंबून असतो. माणसं एकत्र आणायची ती प्रत्येकाला काहीतरी वेगळं ठाऊक असतं म्हणून. ते वेगळं बाहेरच आलं नाही, तर एवढी माणसं एका खोलीत जमवली कशाला? अनिता वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९९ जणांना दोन ते पाच जणांच्या गटांत बसवून तऱ्हेतऱ्हेची कामं दिली, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. गटाच्या यशाचा सदस्यांच्या सरासरी बुद्धिमत्तेशी असलेला संबंध कमजोर निघाला, सर्वांत हुशार सदस्याच्या बुद्धिमत्तेशी असलेलाही. बोलण्याच्या पाळ्या साधारण सारख्या वाटल्या गेल्या होत्या आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणारी माणसं होती, ते गट पुढे गेले. दुसरी गोष्ट पुन्हा माणसांकडे बोट दाखवते, हे मला मान्य आहे. पण पाळ्या कशा वाटायच्या, हे बैठक चालवणाऱ्याच्या हातात असतं.

मनमिळाऊपणाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण गटात सर्वांत जास्त कौतुक त्याचंच होतं. 'आमच्या टीममध्ये कधी वाद होत नाहीत' असं अभिमानाने सांगणारा मॅनेजर भेटला की मला काळजी वाटते. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात एक प्रयोग केला. समोरच्या रेषांपैकी सारख्या लांबीची कोणती, हे ओळखण्याइतका सोपा प्रश्न. खोलीतल्या इतर सगळ्यांनी, जे आधीच पढवलेले होते, चुकीचं उत्तर दिलं, तेव्हा साधारण तीनचतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. पण एकाच माणसाने बरोबर उत्तर दिलं की हे प्रमाण झपाट्याने खाली आलं. गटात कटकट्या म्हणून ओळखला जाणारा माणूस बऱ्याचदा हेच काम करत असतो. तो 'मला नाही पटत' म्हणतो, तेव्हा शेजारच्या तिघांचा श्वास मोकळा होतो. त्याला आपण हटवतो, मग शांतता पसरते, आणि त्या शांततेला एकोपा म्हणतो.

वाद झाले की ते नेहमी हिताचेच, असं मात्र मी म्हणणार नाही. कामावरचे मतभेद वेगळे आणि माणसांविषयीची चीड वेगळी, हा फरक कॅरेन जेन यांनी १९९० च्या दशकात पुढे आणला. पहिला प्रकार फायद्याचा, दुसरा तोट्याचा, असं बरीच वर्षं मानलं गेलं. २००३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर धक्का बसला: कोणत्याही प्रकारचे वाद वाढले की कामगिरी खाली येताना दिसत होती. २०१२ मधल्या त्याहून मोठ्या तपासणीने चित्र थोडं उलगडलं. कामावरचा मतभेद वैयक्तिक चिडीत मिसळला नाही, तर त्याचं नुकसान बरंच कमी होतं, कधी फायदाही होतो.

म्हणजे खरा प्रश्न असा की एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतं कधी? माझ्या अनुभवात ते 'तू नेहमीच' या दोन शब्दांच्या जागी होतं. 'या आराखड्यात खर्च धरलेला नाही' हे वाक्य कामाबद्दल आहे. 'तू नेहमीच खर्च धरत नाहीस' यात स्वभाव आला, आणि समोरचा माणूस आता आराखड्याचं नाही, स्वतःचं रक्षण करणार. स्वभावाची भाषा भांडणाचं कारण सांगते असं आपण समजतो. पुष्कळदा तीच भांडणात तेल ओतत असते. चाचण्यांचे खाने इथेच घातक ठरतात. 'ती आहेच भावनाप्रधान', 'तो आहेच विश्लेषक' असं एकदा अधिकृतपणे छापून मिळालं की तिच्या आकडेवारीकडे आणि त्याच्या दुःखाकडे बघायची गरजच उरत नाही.

स्वभावात काही फरक नसतानाही गट एकमेकांच्या जिवावर उठू शकतात, हे मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात दाखवलं. अकराएक वर्षांचे २२ मुलगे मुद्दाम एकसारखे निवडले होते: सारख्या घरांतले, अभ्यासात ठीकठाक, कुणाचीही भांडखोर म्हणून नोंद नाही. त्यांचे दोन गट केले आणि बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. पुढे शिबिराचं पाणी बंद पडलं, ट्रक अडकला, दोन्ही गटांनी मिळूनच सोडवावीत अशी कामं पुढे आली आणि वैर ओसरत गेलं. तीन आठवड्यांत कुणाचाही स्वभाव बदलला नसणार. प्रयोगकर्त्यांनीच भांडण पेटवायला हातभार लावला, अशी टीका या प्रयोगावर पुढे झाली, आणि ती रास्त आहे. मला तर ती टीका प्रयोगाइतकीच महत्त्वाची वाटते. नियम ठरवणारी मोठी माणसं भांडणाच्या बाहेर नव्हती.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. काही माणसं खरोखरच छळवादी असतात. ती ओरडतात, दुसऱ्याचं श्रेय ढापतात, कनिष्ठाला चारचौघांत अपमानित करतात. बैठकीचे नियम कितीही बदला, त्यांच्या शेजारी बसणाऱ्याच्या पोटात रोज सकाळी गोळा येतो. हे सगळं घडीवर ढकललं तर त्या शेजाऱ्यावर अन्यायच होईल. पण नीट पाहिलं तर अशा माणसांना सर्वांत जास्त सांभाळून घेतो तो 'स्वभाव' हाच शब्द. 'त्याचा स्वभावच तापट आहे हो, मनाने फार चांगला आहे' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! ओरडणं हे वागणं आहे. वागण्याला नियम लावता येतो, ताकीद देता येते, ते थांबलं नाही तर माणसाला गटाबाहेर काढता येतं. स्वभाव म्हटलं की या तिन्ही वाटा बंद होतात, आणि सहन करण्याचं काम शेजाऱ्याच्या वाट्याला येतं.

तापटपणाची ही माफी सगळ्यांना सारखी मिळत नाही, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. वरच्या पदावरच्या पुरुषाचा आवाज चढला तर तो कणखर. त्याच स्वरात कनिष्ठ बाई बोलली तर 'हिच्याशी जमवून घेणं कठीण आहे.' वागणं एक, आणि स्वभाव मात्र दोन लिहिले जातात, तेव्हा ते स्वभावाचं वर्णन नसतं, अधिकाराचं असतं.

आता माझ्याकडे जे गट येतात त्यांच्यासोबत मी थोड्याच गोष्टी पाळते. काम वाटताना शेवटचा शब्द कुणाचा हे लिहून सर्वांना देते. बैठकीत विषय मांडला की पहिली पाच मिनिटं कुणीही बोलत नाही, प्रत्येक जण लिहितो, आणि वाचून दाखवायला सुरुवात सर्वांत नव्या सदस्यापासून होते. ही कल्पना माझी नाही, फार जुनी आहे. ज्यूंच्या मिश्ना या धर्मशास्त्राच्या संहितेत सांगितलंय की जिवावर बेतणाऱ्या खटल्यात मत द्यायला कनिष्ठ न्यायाधीशांपासून सुरुवात करावी. वरिष्ठ आधी बोलला की खालच्यांच्या माना डोलायला लागतात, हे तेव्हाच्या माणसांनाही दिसलं होतं. आमच्याकडे अजूनही भांडणं होतात. गेल्याच महिन्यात एक झालं, आणि त्यातला एक जण माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हता. पण भांडण कशावरून आहे, हे आता मला निदान सांगता येतं.

त्या पहिल्या दोघांच्या अहवालातली ओळ काढून टाकावी म्हणून मी पुढे लेखी अर्ज केला, घडलेलं सगळं लिहून. एकाच्या बाबतीत तो मान्य झाला. दुसरीने तोवर नोकरी सोडली होती. तिची फाइल बंद झालेली आहे आणि बंद फाइलमध्ये बदल करता येत नाही, असं उत्तर आलं. तिच्या नावापुढे ती ओळ अजून तशीच आहे, खाली माझी सही आहे.